सान पेद्रूचा दोर

“टोक तसाच ऱ्हाऊ दे गो बाय. त्याला बोट लावू नको.”

रुजायमावशीचा आवाज भरड होता, पाटीतून खडेमीठ ओतावं तसा. ती हे बोलली तेव्हा मी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी होते. हातात लाकडी कोरणी, आणि नाकासमोर संत पेत्राची मातीची मूठ. मुठीत दोर होता, त्याचं टोक मनगटाखाली वीतभर लोंबत होतं.

“असं कसं मावशी? जाळी फाटायला लागली होती असं शास्त्रात आहे, फादर म्हणाले. मग दोर तुटलेला नको दिसायला?”

“सास्तरात हाय ता सास्तरात ऱ्हाऊ दे. दोर माजा हाय. दिला तसाच कर.”

टोक तसंच राहिलं नाही. मी ते बदललं, तेही मावशीच्या देखत, आणि ती काही बोलली नाही. पुतळा अजून आगरबंदरच्या धक्क्यावर उभा आहे. सात फुटांचा, चौथऱ्यासकट अकरा. दर दोन वर्षांनी गाव त्याला रंग लावतं आणि दर खेपेला झगा आधीपेक्षा जास्त निळा होतो. लोक खालून चेहरा बघतात, पाया पडतात, मेणबत्ती लावतात. दोराकडे फारसं कोणी बघत नाही. ज्यांनी बघितलं त्यांना तिथे एक गाठ दिसते, अर्धी सुटलेली: एक पदर बाहेर आलेला, दुसरा अजून अडकलेला. चर्चच्या स्मरणिकेत छापलंय की पापाच्या बंधनातून मनुष्याची सुटका होते, त्याचं ते प्रतीक आहे. मुंबईच्या एका विद्यार्थ्याने पत्र लिहून विचारलं, तेव्हा मी कळवलं, गाठ बरी दिसते म्हणून केली. पन्नास वर्षं हेच उत्तर देत आले. आता ज्यांच्यासाठी ते द्यावं लागत होतं ती माणसं राहिली नाहीत.

मी पेणची. यमुना समेळ. घरात चार पिढ्या गणपतीचं काम. फादर ऑस्कर नाताळच्या गोठ्यातली मातीची चित्रं माझ्या वडिलांकडून, अण्णांकडून, करून घ्यायचे. मेंढरं, गाढव, तीन राजे. त्या वर्षी आगरबंदरच्या कोळ्यांनी ठरवलं, धक्क्यावर सान पेद्रू, म्हणजे संत पेत्र, उभा करायचा. पेत्र म्हणजे त्यांचाच माणूस, जातीचा कोळी. फादर अण्णांकडे आले, पण अण्णांचे हात तेव्हा कापायला लागले होते.

“यमुनाला न्या,” अण्णा म्हणाले. “तिचा हात माझ्याहून स्वच्छ आहे.”

गावच्या बैठकीत एकाने विचारलं, “पुतला बाई करनार?”

फादर म्हणाले, “येशूला कोणी घडवला? मरियेनंच ना?”

दुसऱ्याने विचारलं, हातात स्वर्गाच्या चाव्या देणार का, मोठ्या चर्चमधल्या पेत्राच्या हातात असतात तशा. तेव्हा मागून एक म्हातारी ओरडली, “चाव्या ठेवा रोमला. हितं कोनाच्या दाराला कुलूप नाय. दोर द्या त्याच्या हातात, दोर!” ती म्हातारी रुजायमावशी.

निघताना अण्णांनी एकच सांगितलं. “समोर दिसेल तेवढंच कर. आपल्या मनचं घालू नको.” हे ते सगळ्यांनाच सांगायचे, पण त्या दिवशी दोनदा सांगितलं.

होड्या बांधायची एक शेड होती, धक्क्याला लागून. तिथे मी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा केला, काथ्या गुंडाळला, माती चढवली. एवढी माती सुकू द्यायची नसते. वर ओलं गोणपाट टाकून ठेवायचं आणि दिवसातून चार वेळा पाणी मारायचं. हे काम फादरनी रुजायमावशीला दिलं. घरात एकटीच असायची. लुगडं गुडघ्यावर, गळ्यात काळ्या मण्यांत ओवलेला क्रूस, आणि हात असे की मी पहिल्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. जन्मभर सणाच्या वाखाचे दोर वळून तिच्या तळहाताला उभे चरे पडले होते, पाट्यावर असतात तसे.

पाणी मारताना ती गुणगुणायची.

पहिली लडी वलते, देवाच्या गं नावाची
दुसरी लडी वलते, दर्याच्या गं गावाची

आणि थांबायची. मी पेणला आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली, मला ओवी अर्धी राहिलेली सोसत नाही.

“मावशी, तिसरी लडी?”

“तीन लडीबिगर दोर व्हतो का?”

“तेच म्हणते. तिसरी म्हणा ना.”

“वलायची हाय अजून,” ती म्हणायची आणि घमेलं घेऊन बाहेर जायची.

चेहऱ्यासाठी मला माणूस हवा होता. आठवडाभर धक्क्यावर बसून मी येणारी-जाणारी तोंडं बघितली, आणि इनास तांडेल मिळाला. पंचेचाळिशीचा, मान बैलासारखी, कपाळावर तीन आडव्या रेघा कोणी नखाने ओढाव्यात तशा. एका मोठ्या मचव्याचा तो तांडेल. मचव्यावर सुकाणू त्याच्या हातात आणि शब्दही त्याचाच.

फादरना सांगितलं, तर ते चष्मा पुसत बसले. “विचार त्याला. नाही म्हणेल.”

नाहीच म्हणाला. एकदा म्हणाला वेळ नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, “मी? संताच्या तोंडाला? बाई, दुसरा कोन पन घ्या. तो जुजे घ्या, दारू पितो पन तोंड बरा हाय.”

शेडच्या कोपऱ्यातून रुजायमावशी म्हणाली, “बस रं इनास. सान पेद्रूला तुजाच तोंड शोभल.”

तो तिच्याकडे न बघता उलट्या ठेवलेल्या टोपलीवर येऊन बसला. मला तेव्हा एवढंच कळलं, की हा माणूस साऱ्या गावाला नाही म्हणेल, हिला म्हणणार नाही. मचवा किनाऱ्याला लागला की तो आधी तिच्या दाराशी जायचा, एका पानात म्हावरं ठेवायचा, आणि पुढे जायचा. दोन बोंबील असले तरी ठेवायचा. ती दार उघडून घ्यायची. दोघं बोलत नसत.

तो बसायचा छान. काही माणसांना अर्धा तास हलल्याशिवाय राहवत नाही, हा सुकाणू धरल्यासारखा बसायचा. एका सकाळी डोळे करत होते. आमच्याकडे गणपतीचे डोळे अगदी शेवटी आखतात, पण चेहरा समोर बसलेला असला की वाट बघवत नाही.

“समेलबाई,” तो म्हणाला. “ह्यानं तीनदा नाय म्हटला ना?”

“कोणी?”

“ज्याचा करता त्यानं.”

“मला कुठलं ठाऊक, तांडेल? मी पेणची.”

“तीनदा. येशूला धरला तवा लोकांनी इचारला, तू त्याचाच ना? तर म्हनला, मी वलखतच नाय त्याला. तीनदा. मग कोंबडा आरवला नि हा रडला.” मग म्हणाला, “तरी चाव्या त्यालाच दिल्या.”

“रोमला ठेवायला सांगितल्यात त्या,” मी म्हटलं. तो हसला नाही.

शरीर झालं, झगा झाला, हात झाले. मग दोर. तोवर बंदरात सगळीकडे नायलॉन आला होता, गुळगुळीत, निळा-पिवळा. मला सणाचा हवा होता. जुना, पीळ दिसणारा. मी मावशीला म्हटलं, कोणाकडे तुकडा असेल तर बघा.

ती दुसऱ्या दिवशी आली ती छातीशी एक गाठोडं धरून. वर जुनं पोलकं गुंडाळलेलं. आत दोन हातभर दोर होता, झाडाच्या सालीच्या पाण्यात मुरवलेला, लालसर, मनगटाएवढा जाड. काय पीळ होता त्याचा! तीन लडी एकमेकींना अशा बिलगलेल्या की मधून केस जाणार नाही. पाण्यात वापरलेला असूनही कुठे ढिला पडलेला नव्हता. एका बाजूचं टोक मळलेलं, घासलेलं. दुसरं सरळ, वडीच्या कडेसारखं.

“कोणी वळला हा?”

“मी.”

“जपून ठेवते. काम झालं की परत देते.”

“काम व्हईल तसा बघू,” ती म्हणाली.

मी दोर खिळ्याला टांगला आणि बघून बघून मातीत उतरवला. अण्णांनी शिकवलं होतं तसं, दिसेल तेवढंच. सरळ टोक खाली आलं, कारण दोर तसाच टांगला गेला होता. मला वाटलं, मावशीने मोठ्या दोरातून माझ्यासाठी तुकडा कापून आणलाय.

त्या दुपारी इनास बसायला आला, आणि दारातच थांबला. बराच वेळ. मी म्हटलं, या की. तो आत आला, टोपलीवर बसला. पण त्या दिवशी त्याचे हात मांडीवर ठरेनात.

“ह्यो दोर…”

“मावशीने दिला.”

“हां,” तो म्हणाला. मग, “टोक चुकलाय, बाई. तुटल्या दोराचं असं नसतं. त्याला शेपूट असतं. एक लडी आधी जाते, दुसरी मागून, तिसरी ओढत ओढत. कोली मानूस बघल तर हसल तुमाला.”

हे मला पटलं. मी पेणची, मला दोरातलं काय कळतं? दुसऱ्या दिवशी बदलेन म्हणून मी गोणपाट टाकून गेले. सकाळी बघते तर काम आधीच झालेलं. कोणीतरी नखाने मातीच्या लडी सुट्या केल्या होत्या, लांब-आखूड, खरोखर ताणून तुटल्यासारख्या. काम वाईट नव्हतं. पण माझ्या मूर्तीला माझ्यामागे दुसऱ्याचा हात लागला, याचा मला असा राग आला की मी ते टोक चिमटीने तोडून पुन्हा सरळ केलं; तुटलेलं करायचं तर ते माझ्या हाताने. तेव्हाच मावशी पाणी मारायला आली आणि म्हणाली, टोक तसाच ऱ्हाऊ दे गो बाय.

चार दिवसांनी पुन्हा तेच. टोक पिंजलेलं. मी पुन्हा सरळ केलं. आता हट्टाने.

मधल्या आठवड्यात फादर काम बघायला आले. चेहरा बघून खूश झाले, मागे सरून बघितलं, पुढे येऊन बघितलं. मग त्यांची नजर खिळ्याकडे गेली.

“हा दोर कुठला?”

“रुजायमावशीचा. तिनेच वळलेला.”

फादर शेडच्या दाराशी गेले, बाहेर कोणी नाही असं बघून परत आले. “तुला कोणी सांगितलं नाही? तिचा मुलगा पास्कू. बावीस वर्षांचा. अकरा वर्षं झाली. इनासच्या मचव्यावर होता. समुद्रात रोवलेल्या खुंटावरचं जाळं सोडवायला लहान होडीत उतरला आणि वादळ आलं. होडी मचव्याच्या मागे दोराने बांधलेली होती. मचव्यातले पाच जण पाणी उपसत होते, इनास सुकाणूवर. दोर तुटला आणि होडी गेली. पास्कू सापडला नाही. दुसऱ्या दिवशी रुजाय मचव्यावर गेली आणि मागच्या खुंटीला राहिलेला दोर सोडून घरी घेऊन आली. पोराचं तेवढंच राहिलं म्हणून.”

“हा तोच?”

“तोच असणार.”

ते बोलता बोलता दोराजवळ गेले. टोक तळहातावर घेतलं. फादर ऑस्कर याच किनाऱ्यावरचे, कोळ्याच्याच पोटचे. त्यांनी ते टोक अंगठ्याने एकदा चाचपलं आणि हळूच सोडून दिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

“फादर, तुटलेल्या दोराला म्हणे शेपूट असतं.”

“यमुना,” ते म्हणाले, “तू पुतळा कर.” आणि टोपी घालून गेले.

मग मला काम सुचेना. समोर खिळ्याला दोर, टोक वडीच्या कडेसारखं सरळ. समोर टोपलीवर इनास. कोपऱ्यात मावशी, घमेल्यात हात बुडवून गोणपाट पिळणारी. माझ्या मनात एकदा आलं की टोक झग्याच्या चुणीत लपवून टाकावं, म्हणजे कटकट मिटेल. हात पुढे केला, आणि मावशी कोपऱ्यातून नुसती खाकरली. मी हात मागे घेतला.

पास्काचा सण, म्हणजे ईस्टर, झाला. सोमवारी साचा घ्यायला सुरुवात करायची होती. मोठ्या पुतळ्याचा साचा तुकड्यातुकड्याने घेतात. मातीत पत्र्याच्या पट्ट्या खोचून भाग पाडायचे आणि एकेका भागावर प्लास्टर चढवायचं. सुरुवात मी मुठीने आणि दोराने करणार होते. गवंडी दहाला यायचे होते, नाजूक काम त्याआधी उरकायचं म्हणून मी आठलाच शेडमध्ये गेले. गोणपाट काढलं.

टोक पिंजलेलं होतं. तिसऱ्यांदा.

मावशी तिच्या जागेवर बसली होती. तिनेही बघितलं. तेवढ्यात इनास दोन बादल्या पाणी घेऊन आला. प्लास्टरला खारं पाणी चालत नाही, गोड्या विहिरीचं लागतं, आणि ते आणायचं त्याने स्वतःहून पत्करलं होतं. बादल्या ठेवून तो निघाला नाही. उभा राहिला.

मी घमेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर नीळ टाकली. पहिला थर निळा ठेवतात, म्हणजे नंतर साचा फोडताना निळा रंग दिसला की छिन्नी जपायची हे कळतं. मग मुठीमुठीने प्लास्टर सोडलं, ते बुडू दिलं, आणि ढवळायला लागले. एकदा ढवळायला घेतलं की सात-आठ मिनिटं. पुढे ते कोणासाठी थांबत नाही.

“बाई, टोक एकदा बघून घ्या,” इनास म्हणाला.

“बघितलं. सुरेख केलंय. तीनही वेळा सुरेख केलंत.”

त्याने बादलीची कडी उगाच सरळ केली.

“मावशी म्हणते सरळ. तुम्ही म्हणता तुटलेलं. माझ्या कामात रोज कोणीतरी बोट घालतंय आणि मी पेणला जाऊन अण्णांना काय सांगू? आत्ता ठरवा. हे एकदा अंगावर पडलं की मग बदलता येत नाही.”

मी मावशीकडे बघितलं. ती लुगड्याला हात पुसत उठली, सावकाश इनासच्या समोर येऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंतच येत होतं.

“तू सांग, इनास,” ती म्हणाली. “मचवा तुजा. सुकानूवर तू. माज्या तोंडावर सांग, दोर तुटला. मी काय बोलनार नाय. बाय करल तसा.”

अकरा वर्षांत ती त्याच्याशी बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य असावं. इनास माझ्या बाजूने शिडीवर चढला, चार पायऱ्या, आणि संत पेत्राच्या मुठीसमोर, स्वतःच्याच चेहऱ्याखाली उभा राहिला. त्याने जाड अंगठ्याने मातीच्या सुटलेल्या लडी एकेक करून परत बसवल्या, दाबल्या, आणि खालून बोट सरळ ओढलं. टोक वडीच्या कडेसारखं झालं.

“असा व्हता,” तो शिडीवरूनच म्हणाला. “तुटला नाय. कापला.”

“कोनी?”

“मी.”

“ठाव हाय,” रुजायमावशी म्हणाली.

तो खाली उतरला, पण शेवटच्या पायरीवरच बसला.

“कवापासून?”

“दुसऱ्या दिसापासून. ह्या हातांनी वलला मी त्यो दोर. सुरीचा घाव मना कलनार नाय?”

“मग अकरा वर्सां बोलली का नाय, रुजाय? माजा म्हावरा घेत ऱ्हायली, रोज दार उघडत ऱ्हायली…”

“बोलले असते तर गावानं तुजा घर फोडला असता. तुजी पोरा लहान व्हती. नि फोडून मना काय भेटनार व्हता?” ती टोपलीवर बसली, त्याच्या टोपलीवर. “तुमी सहा जन व्हते. होडी भरली नि मचव्याला मागं ओढायला लागली. ता मना कलतं रं. कोल्याची बाय हाय मी. सुरी मी पन काढली असती, नाय तर नसती, देवाला ठाव.”

“मग काय पायजे तुला माज्याकडून? फादरला सांगितला मी. दर पास्काला सांगतो. अकरा पास्का झाल्या. तुलाच सांगायचा ऱ्हायला व्हता.”

माझ्या हातातली काठी जड झाली होती. प्लास्टर दाटायला लागलं होतं. मी ढवळत राहिले, कारण थांबले असते तर दोघांनी माझ्याकडे बघितलं असतं.

“इनास,” मावशी म्हणाली. तिचा भरड आवाज पहिल्यांदा खाली आला. “दोर तुटला तर मानूस एका झटक्यात जातो. त्याला बोलायला येल नसतो. गाव म्हनतो तुटला, म्हंजे माजा पास्कू काय न बोलता गेला. पन मनगटायेवढा दोर, तीन लडीचा, माज्या, त्याच्या आवयच्या हातचा. तो एका घावात कापत नाय. येल लागतो. तेवढा येल पास्कू तुज्यासमोर व्हता. तुज्याकडं बघत व्हता.” तिने दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवले. “तो काय बोलला? ता मना पायजे. अकरा वर्सां त्याच्यासाठी बसलेय. दुसरा काय नको.”

इनासने मान हलवली. नाही म्हणून नव्हे. पाण्यातून वर आलेला माणूस हलवतो तशी.

“ता मी फादरला पन नाय सांगितला,” तो म्हणाला. “पाप सांगायचा असतो. ता माजा पाप नव्हता, ता त्याचा बोलना व्हता.”

“सांग.”

“तुला सोसनार नाय.”

“आतापरत काय सोसलाय ता तू बघितलाय का? सांग.”

माझ्या घमेल्यात काठी उभी राहिली. मी हात काढून घेतला तरी ती सरळ उभीच होती. बाहेर धक्क्यावर कोणीतरी बोंबलांची पाटी उलटी केली, बायकांचा गलका झाला, आणि परत शांत झालं.

“पानी होडीत गुडघाभर आला व्हता,” इनास म्हणाला. तो माझ्याकडे नाही, तिच्याकडेही नाही, खिळ्यावरच्या दोराकडे बघत होता. “मचव्याचा पाठचा भाग खाली खाली जायला लागला. पुढं पाच जन उपसत व्हते, त्यांची पाठ माज्याकडं. मी सुरी काढली. त्यानं बघितली. वारा व्हता, पन आमच्यामदी अंतर किती, ह्या शेडयेवढा. तो वरडला नाय माज्यावर. रडला नाय. होडीच्या तोंडाशी आला, जिथं त्याच्याकडची गाठ व्हती. दोनी हातानं धरली. दातानं पन. वल्या सनाची गाठ सुटत नाय, रुजाय, तुला ठाव हाय, मना ठाव हाय, त्याला पन ठाव व्हता. एक पदर सुटला व्हता. मी बघितला. एक सुटला व्हता. दुसरा सुटला असता का नाय, मना सांगता येत नाय. मी थांबलो नाय.”

“बोलला काय?”

इनासने दोन्ही हात तोंडावरून खाली ओढले.

“म्हनला, ‘कापू नको तांडेल, आवयनं वललाय. थांब, मी सोडतो.’”